बाराव्या चौकटीचं पाकीट

बारावा माणूस ऐन वेळी प्रसिद्ध झाला आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

रविवारी सकाळी राजधानीच्या मोठ्या दैनिकानं त्याचा फोटो पहिल्या पानावर छापला, चांगला चार कॉलमी, आणि खाली लिहिलं की पुढच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी देशानं या माणसाकडे बघायला हवं. दादानं, संपादक अण्णांच्या मुलानं, तो अंक आणून दगडी टेबलावर आपटला. "घ्या. गेला हाही हातचा!" ज्याच्याकडे आता सगळा देश बघणार, त्याला 'ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही' या यादीत कुठल्या तोंडानं घालायचं? महिनाभर डोकी खाजवून बारा नावं जुळवली होती, त्यांतली अकरा राहिली. पान संध्याकाळी सहाला मशीनवर चढायचं होतं आणि आत्ताच दोन वाजले होते.

हे पान काढायची पद्धत आजोबांची. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक अडीच-तीन वर्षांवर आली की बाकीचे पेपर त्याच त्या पाच-सहा पुढाऱ्यांची नावं घोळवत बसत, तेव्हा या घरचं साप्ताहिक बारा चौकटींचं एक पान काढी. बारा माणसं, जी त्या खुर्चीत शोभतील पण जी कुणाला सुचलेली नाहीत. इतक्या वर्षांत यादीतला एकच जण खरोखर राष्ट्राध्यक्ष झाला आणि तोही वाईट निघाला. तरी पान थांबलं नाही. वाचक ते कापून ठेवत, त्यावर पैजा लावत, आणि घरातली माणसं महिनाभर एकमेकांशी भांडून घेत.

निवडीची रीतही आजोबांचीच. कपाटात माणसागणिक कात्रणांची पाकिटं होती. पाकीट उघडायचं आणि नाव न सांगता, गाव न सांगता, बाई की पुरुष हेही कळू न देता, फक्त त्या माणसानं काय केलं ते वाचायचं. गुण वाचायचे, मग दोष वाचायचे. ऐकणाऱ्या प्रत्येकापुढे शिशाचा एकेक खिळा, छपाईतलं एकेक अक्षर. माणूस पटला तर खिळा उभा करायचा, नाही पटला तर आडवा ठेवायचा. "नाव ऐकलं की पुढचं काही ऐकू येत नाही," असं आजोबा म्हणत.

पाकिटं वाचायचं काम दादाच्या धाकट्या बहिणीचं, बारकीचं. वय चौतिसाला पोचलं, मुद्रितं तपासून चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, तरी घरात ती बारकीच. कपाटाची किल्लीही तिच्याकडेच असे.

"हवामान खात्याच्या साहेबांना परत घ्या," आत्या म्हणाली. अण्णांच्या या बहिणीनं सगळं आयुष्य त्याच छापखान्यात वर्गणीदारांचे पत्ते लिहिण्यात घालवलं होतं आणि तिची जीभ अजून नव्या ब्लेडसारखी चालत होती. "रोज चुकतो आणि रोज रेडिओवर येऊन कबूल करतो. राष्ट्राध्यक्षाला याहून दुसरं काय लागतं?"

"मागच्या वेळी सगळ्यांचे खिळे आडवे पडले होते त्याच्यासाठी," दादा म्हणाला.

"तुझा आडवा पडला म्हणून तुझ्या बायकोचा पडला. माझा उभा होता."

"माझा मी ठरवते हो आत्या," वहिनी शाईचे हात पुसत म्हणाली. "तो माणूस चुकतो आणि लोक भिजतात. स्वतःची छत्री मात्र तो विसरत नाही."

अण्णा हसले नाहीत. संपादकाच्या खुर्चीत ताठ बसून ते अकरा पाकिटांची चळत पुनःपुन्हा सारखी करत होते. भाषण सुरू झालंय हे लोकांना कळायच्या आत ते संपवणारे डोंगरी प्रांताचे राज्यपाल, वकील लांबण लावायला लागले की कानातलं यंत्र बंद करणाऱ्या न्यायाधीशबाई, तीस वर्षं एकच वर्ग शिकवून खासदार झालेले मास्तर, सगळे जागच्या जागी होते. "कपाटात अजून काय आहे?" त्यांनी विचारलं. "काहीतरी असेलच की गं."

काहीतरी होतं. तेच तर बारकीला सकाळपासून खात होतं.

कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या दिनदर्शिकांच्या मागे, तिच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं पाकीट होतं. नऊ वर्षांत ते इतकं फुगलं होतं की त्याला दोरी बांधावी लागली होती. दुसऱ्या पेपरांतली कात्रणं बारकीनं एकेक करून त्यात घातली होती, कुणाला न सांगता, स्वतःलाही फारसं न विचारता. कात्रण चिकटवताना ताई जवळ बसल्यासारखं वाटे, एवढंच.

ताई याच टेबलाशी बसून बातम्या लिहायची. एकदा बंदराच्या गावात पाण्याची टंचाई बघायला म्हणून गेली, ती तिथलीच झाली. पुढं तिथल्या नगराध्यक्षपदाला उभी राहिली आणि निवडून आली. ज्या दिवशी निकाल लागला त्या दिवशी हे सगळं घर रेडिओला कान लावून बसलं होतं. अण्णांनी डोळेही पुसले होते. आणि मग त्याच अण्णांनी आत जाऊन बातमी लिहिली.

कारण आजोबांचा आणखी एक नियम होता. घरचं नाव पेपरात येणार नाही, ना कौतुकाला, ना दुःखाला. आई गेली तेव्हासुद्धा दोन ओळी आल्या नव्हत्या. त्या नियमाला धरून अण्णांनी बंदराच्या निवडणुकीची बातमी लिहिली. तिच्यात पडलेल्या तिन्ही उमेदवारांची नावं होती. निवडणूक अधिकाऱ्याचं नाव होतं. रांगेत चक्कर येऊन पडलेल्या एका म्हाताऱ्याचं नाव होतं. जिंकलेल्या उमेदवाराबद्दल मात्र एवढंच होतं, की नव्या नगराध्यक्ष मोठ्या मताधिक्यानं निवडून आल्या. असली चूक दुसऱ्या कुठल्या छापखान्यात झाली नसती. इथं ती तिघांनी तपासून, बरोबर म्हणून छापली, आणि त्या तिघांत बारकी होती.

आठ दिवसांनी ताईकडून ते कात्रण टपालानं परत आलं. तिनं मुद्रितावर करतात तशी लाल शाईची खूण केली होती आणि समासात लिहिलं होतं, 'नाव?' बाकी पत्र नाही, काही नाही. त्यानंतर ती आली नाही. अण्णांनी बोलावलं नाही. बंदराच्या गावची बातमी आली की ते न वाचताच दादाकडे सरकवत. "ते तू बघ," एवढंच म्हणत.

बारकी एकदा गेली होती. बुधवारी नगराध्यक्ष सगळ्यांना भेटतात असं तिनं कात्रणातच वाचलं होतं. हिरवी छत्री घेऊन दोन तास ती रांगेत उभी राहिली. दारातून ताईचा अर्धा खांदा आणि पानं उलटणारा हात दिसत होता. पुढं सातच माणसं राहिली तेव्हा तिला वाटलं, काय सांगायचं? आपल्याच बहिणीचं नाव आपण गाळलं, हे कसं सांगायचं? ती रांगेतून निघाली आणि मिळेल त्या बसनं परत आली. ताईच्या त्या हाताची आठवण तिला अजून छळायची. इतका जवळ होता तो हात.

"बारके, झोपलीस का?" अण्णा म्हणाले.

"एक पाकीट आहे," ती म्हणाली. "आणते."

दोरी तिनं कपाटापाशीच सोडली. टेबलाशी येऊन बसली आणि कागद टेबलावर पसरून तिनं वाचायला घेतलं.

"एका लहान गावाचा कारभार, सलग दोन वेळा. आधी गावात पाणी आठवड्यातून एकदा यायचं, आता बावीस वस्त्यांत रोज येतं. नळ टाकायला सुरुवात टोकाच्या वस्तीपासून केली, स्वतःच्या घरी सगळ्यात शेवटी घेतला."

वहिनीनं मान वर केली. दादाचा हात खिळ्यावर होता तिथंच थांबला. आत्यानं चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागली, पुसतच राहिली. तिघांना कळलं होतं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. नेहमीच ते असं ऐकत.

"हमालांचा संप सत्तावीस दिवस चालला होता. पोलीस बोलवायला नकार दिला, गोदामाच्या दारात बसून संप मिटवला. आठवड्यातून एक दिवस लोकांना भेटतात, रांग संपेपर्यंत उठत नाहीत. दोष. स्वभाव तापट. रागाच्या भरात एका कारकुनाला काढून टाकलं, नंतर चूक कळल्यावर भर सभेत त्याची माफी मागून परत घेतलं. दुसरा दोष, पक्षातल्या मोठ्यांशी पटत नाही. तिसरा, हसत नाहीत, असं तीन वेगवेगळ्या बातमीदारांनी लिहिलंय."

तिसरं वाचताना तिचा आवाज चिरकला. तिची ताई, जी मुद्रितातल्या चुकांवर पोट धरून हसायची!

एरवी अण्णा सगळ्यांचे खिळे होईपर्यंत थांबत. आज त्यांनी डोळे उघडले आणि आपला खिळा पटकन उभा केला. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता. "हा खरा माणूस! अरे, हे पाकीट होतं कुठे? एवढा माणूस आपल्या नजरेतून सुटलाच कसा? दादा, तू वाचलं नव्हतंस कधी?"

दादानं वहिनीकडे बघितलं, वहिनीनं आत्याकडे.

"काय झालं? तोंडं का शिवलीत सगळ्यांनी? बारके, नाव सांग."

बारकीनं कात्रणं पुन्हा पाकिटात भरायला घेतली. नऊ वर्षं या खोलीत ते नाव कुणी उच्चारलंच नव्हतं. शेवटी वहिनी बोलली, लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यापुढे आवाज न चढवणारी. "ताईंचं आहे, अण्णा. ते पाकीट ताईंचं आहे."

अण्णांनी खिळ्याकडे पाहिलं. मग पाकिटाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, तो बारकीला दिसला, आणि त्या रागाच्या मागून जे आलं ते तिला बघवेना. त्यांनी पोटच्या पोरीला ओळखलं नव्हतं.

"फसवलंत मला," ते म्हणाले.

"कुणी फसवलं नाही. बाकीच्यांचं वाचलं तसंच वाचलं," बारकी म्हणाली. इतकं ती अण्णांना कधी बोलली नव्हती.

"घरचं नाव..."

"पुरे झालं रे तुझं घरचं नाव!" आत्या कडाडली. अण्णांच्या बाजूनं बोलण्यात जिचा जन्म गेला, ती आत्या. "मी सतरा वर्षांची असताना खाडी पोहून पार केली. आधी कुणा बाईनं केली नव्हती. बाबांनी काय छापलं, आठवतंय? 'शहरातील एका मुलीने खाडी पार केली.' एका मुलीने! मी तो अंक मैत्रिणींना दाखवला, तर त्या म्हणाल्या, ही तूच कशावरून? मी सगळ्यांना सांगत फिरले की आमच्या पेपराचा नियम आहे, मोठा नियम आहे. तुझ्यासारखाच मलाही त्याचा अभिमान होता. पण रात्री उशी भिजायची ती माझीच ना? मला गप्प बसता आलं. तिला नाही आलं. बरं झालं नाही आलं."

अण्णा बहिणीकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत तिचं ते रडणं त्यांना माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं.

दादानं घसा खाकरला. तो घरातला सगळ्यात नियमाचा माणूस, अण्णांचा उजवा हात. "यादीत घालायचं की नाही ते नंतर बघू," तो म्हणाला. "पण अण्णा, तुमचा खिळा उभा आहे. खिळा उभा राहिला की संपादकानं फोन करायचा, हाही नियमच आहे."

तो खराच होता. यादीतल्या प्रत्येक माणसाला संपादकानं स्वतः फोन करून मजकूर वाचून दाखवायचा, चूक असेल तर विचारायची. अण्णा बोलत, आणि बारकी शेजारच्या टेबलावरचा दुसरा फोन कानाला लावून दुरुस्त्या टिपून घेई. अण्णांनी पाकीट जवळ ओढलं. मग उठले, कोट घातला. फोनवर बोलायला कोट कशाला, असं कुणी विचारलं नाही.

चौथ्या घंटेला फोन उचलला गेला.

"मी साप्ताहिकाचा संपादक बोलतोय," अण्णा म्हणाले.

बारकीनं टिपायचा कागद समोर ओढला.

"बोला, संपादक," ताई म्हणाली.

तोच आवाज. थोडा जाड झालेला, पण तोच.

"तुमच्याबद्दलचा काही मजकूर आहे. वाचून दाखवतो. चूक असेल तिथं थांबवा." आपल्या मुलीला ते 'तुम्ही' म्हणत होते आणि त्यांना ते कळतही नव्हतं. त्यांनी वाचलं. दोषही वाचले, एकही न गाळता.

"एकवीस," ताई म्हणाली.

"काय?"

"वस्त्या एकवीस. टेकडीवरची राहिली, तिथं अजून टँकर जातो. आणि संप मी मिटवला नाही, हमालांच्या बायकांनी मिटवला. मी नुसती दारात बसले होते."

"एकवीस. बायकांनी," अण्णा म्हणाले. "दुरुस्त केलं."

"हे सगळं गोळा कुणी केलं?"

"बारकीनं."

"ऐकतेय ती?"

"ऐकतेय," बारकी म्हणाली.

"तू आली होतीस ना गं एकदा? हिरवी छत्री. मला खिडकीतून रांग दिसते. म्हटलं, येईल तिचा नंबर. त्या दिवशी रांग संपली तरी मी दिवे लावून बसून राहिले होते. शिपाई कंटाळला बिचारा."

बारकीला रडू आवरेना. टिपायचा कागद भिजला आणि एकवीसचा आकडा पसरला.

"यादीसाठी आहे ना हे?" ताईचा आवाज पुन्हा कामाचा झाला. "बारा चौकटींची. माझं नाव घालू नका."

"का?" अण्णांनी विचारलं. "खिळा उभा राहिलाय. माझा स्वतःचा. नाव माहीत नसताना."

मग ती सावकाश म्हणाली, "नाव माहीत नसताना?"

"नसताना."

"असू दे. तरी नको. पुढं कधी तेवढी लायकी झाली तर लोक बघतील. तुमच्या पानावर आलं तर बापानं उभी केली म्हणतील, आणि ते बरोबरच म्हणतील. कौतुकात घरचं नाव नको, हे मलाही पटतं, अण्णा. मी त्याच घरातली आहे." 'अण्णा' म्हणताना ती थांबली होती, जुन्या जिन्यावर पाय ठेवताना थांबतात तशी. "पण ते कौतुक नव्हतं. ती बातमी होती. बातमीत जिंकलेल्याचं नाव असतं."

"असतं," अण्णा म्हणाले.

"ते राहिलं."

"राहिलं. माझ्याकडून राहिलं."

"बस. एवढंच ऐकायचं होतं मला. नऊ वर्षं वाट बघितली."

"दुरुस्ती छापतो," ते म्हणाले. "याच अंकात."

"इतक्या वर्षांनी? लोक हसतील."

"हसू देत. चूक आपली असली की दुरुस्ती करायची. तिला मुदत नसते." आणि मग एकदम त्यांच्यातला संपादक गळून पडला. "कधी येशील गं?"

"आधी अंक येऊ द्या," ताई म्हणाली. ती हसली की रडली, ते तारेच्या खरखरीत कळलं नाही. "वाचते, मग बघू. आणि नाव पूर्ण छापा. मधलंसुद्धा. इथं मी सगळीकडे पूर्णच लावते."

पाचला दादानं खिळे जुळवायला घेतले. बारावी चौकट रिकामीच होती, अण्णांनी दुरुस्ती तिथंच बसवायला सांगितली. मजकूर त्यांनी स्वतः लिहिला, उभ्यानंच. वहिनीनं रूळ फिरवून ओलं मुद्रित काढलं आणि बारकीपुढे ठेवलं. रिवाजाप्रमाणे एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचं. ऐकायला अण्णा बसले. आत्या खुर्ची ओढून जवळ आली, तिचं काही काम नव्हतं तरी.

बारकीनं वाचलं, "दुरुस्ती. नऊ वर्षांपूर्वी या साप्ताहिकात बंदराच्या नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीची बातमी छापली होती. तिच्यात विजयी उमेदवाराचं नाव द्यायचं राहून गेलं. त्या संपादकाच्या कन्या आहेत, म्हणून ते गाळलं गेलं. ही चूक संपादकाची आहे. विजयी उमेदवाराचं नाव..."

आणि तिनं ताईचं नाव वाचलं. आधी ताईचं, मग मधलं, म्हणजे अण्णांचं, मग आडनाव. त्या खोलीत ते पूर्ण नाव इतक्या मोठ्यानं कुणी कधी घेतलं नव्हतं. तिनं शेवटचा पूर्णविरामही वाचला, मुद्रित वाचताना वाचतात तसा, आणि वाट बघितली. अण्णांचं बोट कागदावर होतं. पेन्सिल कानामागेच होती.

"पुन्हा वाच," अण्णा म्हणाले.

"काही चुकलंय का?"

"नाही. बरोबर आहे. पुन्हा वाच."